दादाचा तवा कुणी गंजवला

दादाला जाऊन आठवडा उलटला नव्हता, तोच वहिनींनी त्याचा लाडका तवा परसात भिरकावून दिला, असं गल्लीत बोललं जायचं. मोठ्यानं नाही हं. असल्या गोष्टी मोठ्यानं बोलल्या की त्यांची चव जाते. शिलाईबाईंकडे माप देताना बोललं जायचं, सलूनमध्ये गळ्याभोवती टॉवेल असताना बोललं जायचं. आणि तोंडातून तोंडात जाताना गोष्ट छान बाळसं धरायची. पहिल्या घरी वहिनींनी तवा नुसता बाहेर ठेवला होता. तिसऱ्या घरी फेकला. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचेतो त्यांनी तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला होता आणि ‘सुटले एकदाची!’ असंही म्हणाल्या होत्या.

आता तो तवा अठरा किलोचा. वहिनींचं उजवं मनगट असं की बरणीचं झाकण उघडायलासुद्धा त्या शेजारी हाक मारत. पण अफवेला वजनकाटा कोण लावतो?

खरं काय ते माहीत असलेला माणूस गल्लीत एकच होता, आणि तो मूग गिळून बसला होता. वहिनींचा सख्खा धाकटा दीर. त्याला सगळे चकचक म्हणत.

चकचक नळ बनवणाऱ्या कारखान्यात पॉलिशवर होता. बत्तीस वर्षं फिरत्या कापडी चाकासमोर उभा राहून त्यानं नळ चमकवले. नळावर टाचणीच्या डोक्याएवढा जरी काळा ठिपका दिसला तरी माल परत. ती सवय हाडात मुरलेली. निवृत्त झाल्यावर घरात चमकवण्यासारखं जे जे होतं ते त्यानं चमकवलं. चमचे, कड्या, सायकलची घंटा. बायकोनं एकदा वैतागून म्हटलं होतं, “अहो, मी झोपताना दागिने काढून ठेवते, नाहीतर सकाळी गळ्यासकट पॉलिश झालेले असतील.”

दादा त्याच्या उलट. दादा लेथवर काम करायचा आणि काळ्या हातांचा त्याला अभिमान होता. एका मोडीत निघालेल्या यंत्राचं बिडाचं जाड झाकण त्यानं भंगारातून आणलं, कडेची भोकं बुजवली, वरची बाजू सपाट केली, चारी बाजूंना एक बोटभर उंच काठ ठेवला आणि त्याचा बार्बेक्यूचा तवा बनवला. दोन्ही भावांची घरं पाठीला पाठ लावून, मधे एक परस. वहिनींच्या मागच्या दाराशी दादानं विटांची चूल रचली आणि त्यावर तवा बसवला. बावीस वर्षं दर रविवारी तिथं धूर निघाला. कांदे, बटाटे, मक्याची कणसं, पैसे असतील तेव्हा मांस. तवा तेल पिऊन पिऊन इतका काळाभोर झाला की त्यावर अंडं फोडलं तर ते स्वतःहून घसरत ताटाकडे यायचं, असं दादा सांगायचा. दादाच्या सांगण्यातलं निम्मं सोडलं तरी तवा भारी होता.

त्या तव्याला साबण लावायचा नाही. तवा गरम असतानाच उलथन्यानं खरवडायचा, कापडानं कोरडा पुसायचा आणि पातळ तेलाचा हात फिरवायचा. हे कुणी करायचं? जो शेवटी जेवेल त्यानं. हा दादाचा कायदा. त्यापायी रविवारी काय गमती व्हायच्या! सगळे अर्धा तास ऐसपैस गप्पा मारत खायचे आणि शेवटच्या पाच मिनिटांत तोंडात आग लागल्यासारखे घास गिळायचे. वहिनी तर पदराखाली ताट रिकामं करून, “माझं केव्हाच झालं,” म्हणायला तरबेज. आणि चकचक हमखास सापडायचा. त्याची कवळी. एकेक घास बत्तीस वेळा चावल्याशिवाय त्याचं गाडं पुढं सरकत नसे. “चकचक, तेल तुझं!” असं दादा ओरडला की परसात हशा पिकायचा.

तर चकचकला सगळं माहीत होतं. दादा गेला त्या आठवड्यात तवा चुलीवरच राहिला. मग कधीतरी कुणाचा तरी धक्का लागून तो भिंतीकडेच्या गवतात घसरला. आणि चूल वहिनींच्या दाराशी असल्यामुळं, बाजूच्या माडीवरून शिवता शिवता खाली बघणाऱ्या शिलाईबाईंना तो वहिनींच्याच दाराशी पडलेला दिसला. शिलाईबाईंचं मशीन एका मिनिटात हजार टाके घालतं म्हणतात. त्यांच्या जिभेचा वेग अजून कुणी मोजलेला नाही.

अफवा चकचकच्या कानावर पहिल्यांदा सलूनमध्ये पडली. केस कापता कापता सलूनवाला म्हणाला, “काका, तुमच्या वहिनींनी म्हणे दादांचा तवा फेकला?”

चकचकनं आरशात बघितलं. पांढऱ्या कापडातून वर आलेलं स्वतःचं डोकं त्याला दिसलं. ‘नाही रे, त्यांचा काही संबंध नाही,’ एवढे सहा शब्द म्हणायचे होते. तो म्हणाला, “हं.”

बस्स. माणूस चोरी करतो, खोटं बोलतो, त्याला निदान काहीतरी करावं लागतं. चकचकनं नुसतं ‘हं’ केलं. आणि सलूनवाल्यानं पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, “अहो, सख्खा दीरच हो म्हणाला.”

तेव्हापासून चकचकनं सलून बदललं. दोन गल्ल्या पलीकडे जायचा. बायको विचारायची, “इतक्या लांब कशाला?” तर म्हणायचा, “तिथली कात्री चांगली आहे.” कात्री कसली! डोक्यावर उरलेले केस मोजायला एका हाताची बोटं पुरली असती.

दोन वर्षं गेली. एका सकाळी वहिनी परस ओलांडून आल्या. चकचक ओट्यावर बसून कुलूप चमकवत होता.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “लेक येतेय. पुढचा रविवार सोडून त्याच्या पुढच्या. नवऱ्याला आणि छोटीला घेऊन.”

“अरे वा! मग?”

“फोनवर म्हणाली, बाबांच्या तव्यावर करू काहीतरी.” वहिनी थांबल्या. “मग म्हणाली, ‘आई, तू खरंच फेकलास तो?’ तिच्यापर्यंत पोचलंय, भाऊजी. इतक्या लांब.”

चकचकनं कुलपावरचा हात थांबवला नाही. उलट जोरात घासायला लागला.

“तुम्ही काय म्हणालात?”

“फेकला नाही म्हटलं. पण खरं सांगू का? पुसायचा राहिला माझ्याकडूनच असणार. त्या गडबडीत मला कशाची शुद्ध होती? चूल माझ्या दाराशी, माणूस माझा. मी बघायला हवं होतं.”

आता बघा, देव कुणाला एकच संधी देतो, कुणाला दोन. चकचकच्या ओट्यावर ही दुसरी संधी चालत आली होती, तीही वहिनींच्या पायांनी. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कवळी जिभेला टोचायला लागली. आणि तोंडातून काय बाहेर पडावं?

“काही काळजी करू नका, वहिनी. मी घासून देतो. असा चकचकीत करतो की बघत राहाल.”

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुमच्यासारखा दीर मिळायला भाग्य लागतं,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

चकचकला वाटलं, त्यापेक्षा त्यांनी दोन कानाखाली मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

गवतातून तवा ओढून काढला तेव्हा तो ओळखू येईना. लालसर तपकिरी, पापुद्रे सुटलेले, एका कोपऱ्यात गोगलगायीनं संसार मांडलेला. हात लावला की गंजाची भुकटी बोटाला लागायची, आणि चकचकला ती धुऊनही गेल्यासारखी वाटायची नाही. त्यानं गोगलगायीला भिंतीवर सोडलं आणि कामाला लागला.

पहिल्या दिवशी तारेच्या ब्रशनं पापुद्रे काढले. दुसऱ्या दिवशी बायकोच्या कपडे भिजवायच्या टबात व्हिनेगर आणि पाणी घालून तवा आत बुडवला. “आता माझे कपडे आयुष्यभर आंबट वासाचे होणार,” बायको म्हणाली. तिसऱ्या दिवशी पाणी चहासारखं झालं आणि तव्यावरचा गंज ओल्या मातीसारखा निघून यायला लागला. खालून करडं बीड दिसलं. इथं थांबायला हवं होतं. शहाणा माणूस इथं थांबतो, तवा चुलीवर वाळवतो आणि तेल लावतो.

पण चकचकला करड्या बिडावर अजून काळे डाग दिसत होते. काही गंजाचे खड्डे, काही दादाच्या बावीस वर्षांच्या तेलाचे, गंजाखाली तग धरून राहिलेले. चकचकच्या डोळ्याला दोन्ही सारखेच. काळा ठिपका म्हणजे माल परत. आणि जसजसा तो घासत गेला तसतसं त्याला बरं वाटत गेलं, म्हणून तो आणखी घासत गेला. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक. मग जुन्या कारखान्यातल्या मित्राकडून कापडी चाकाचं मशीन आणलं आणि तीन दिवस शेडमध्ये घों घों चालवलं. शेजारपाजारचे कानात कापूस घालून बसले. सातव्या दिवशी त्यानं तवा उन्हात उभा केला. त्यात आभाळ दिसलं, वाळत घातलेले कपडे दिसले, बायको दिसली.

बायकोनं त्यात बघून केस सारखे केले. “अहो, यावर स्वयंपाक करायचा की भांग पाडायचा?”

चकचक हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याला वाटलं, फिटलं आता सगळं. एवढं लखलखीत करून दिल्यावर कोण विचारतंय गंज कुणामुळं आला ते?

संध्याकाळी त्यानं कौतुकानं भट्टीवाल्या आबांना बोलावलं. आबांनी उभी हयात ओतकामात घातलेली, बीड त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. त्यांनी नखानं तव्यावर टिचकी मारली, मग तळवा फिरवला. मग चकचककडे असं बघितलं की जणू त्यानं बकरीची हजामत करून आणली आहे.

“हे कुणी केलं?”

“मी, आबा. गंज काढला.”

“गंज काढलास ते ठीक. पण कातडी कशाला सोललीस? अरे मूर्खा, तव्याचं काळं म्हणजे मळ नव्हे. तुझ्या दादाचं तेल होतं ते, भाजून भाजून बसलेलं. त्यावरच अन्न सुटतं. आता यावर कांदा टाक, छिन्नीनं काढावा लागेल.”

“थोडं तरी काळं राहिलं असेल की,” चकचक पुटपुटला.

“कुठं ठेवलंयस? तुझी मिशी दिसतेय मला त्यात.”

चकचक ओट्यावर बसला. आधी तवा गंजवला. मग गंजातून जे काही दादाचं वाचलं होतं तेही स्वतःच्या हातानं, तेही आनंदानं, घासून टाकलं. आणि हे सगळं का? तर वहिनींना एक वाक्य सांगावं लागू नये म्हणून.

आबा कडक होते पण दुष्ट नव्हते. त्यांनी पद्धत सांगितली. तवा चुलीवर चांगला तापवायचा. तेलाचा हात इतका पातळ फिरवायचा की पुसून टाकल्यासारखा वाटावा. धूर निघून संपेपर्यंत ठेवायचा. निवू द्यायचा. पुन्हा तेच. “काळा व्हायला वर्षं लागतात. सात दिवसांत निदान अंगावर कपडा तरी येईल त्याच्या.”

चकचक रोज दुपारी चूल पेटवायला लागला. पहिल्या दिवशी घाईत तेल जास्त पडलं, ते चिकट गोंदासारखं बसलं, पुन्हा खरवडावं लागलं. मग हळूहळू तव्यावर पिवळा, मग मधासारखा, मग तपकिरी रंग चढला. एकसारखा नाहीच. चहा सांडलेल्या टेबलक्लॉथसारखा. आणि वहिनी रोज मागच्या दारातून त्याला बघायच्या, सरबत आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, “किती करताय हो भाऊजी, माझ्या चुकीपायी.”

प्रत्येक ग्लासागणिक चकचकच्या तोंडात शब्द यायचे आणि सरबताबरोबर पोटात जायचे.

रविवार उजाडला. पुतणी आली, नवरा आला, पाच वर्षांची छोटी आली. वहिनींनी मोठ्या मनानं शिलाईबाईंनाही बोलावलं होतं. त्या स्वतःचं स्टूल घेऊन आल्या आणि चुलीपासून नेमक्या अशा अंतरावर बसल्या की धूर लागू नये पण एकही शब्द सुटू नये.

चकचकनं तवा तापवला. कांद्याच्या पहिल्या चकत्या टाकल्या. त्या चिकटल्या. उलथनं घातलं तर वरचा अर्धा आला, खालचा तव्यानं ठेवून घेतला. 

“हा बाबांचा तवा?” पुतणीनं विचारलं. “हा असला कसा झाला?”

“गंजला होता ना गं,” शिलाईबाई हळहळल्या. हळहळण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. “दोन वर्षं उघड्यावर टाकल्यावर लोखंड बिचारं काय करणार? तुझ्या काकांनी जीव काढला त्याच्यावर. असा दीर शोधून सापडायचा नाही.”

पुतणीनं आईकडे बघितलं. ती काही भांडखोर नव्हती, पण बाप गेलेल्या मुलीच्या आवाजाला एक धार असते. “आई, निदान झाकून तरी ठेवायचास.”

“हो गं. चुकलंच माझं,” वहिनी म्हणाल्या, आणि जावयाच्या ताटात बटाटा वाढला.

चकचकच्या तोंडात तेव्हा मका होता. त्यानं तो बत्तीस वेळा चावला. मग तेहतीस, चौतीस. गिळला की बोलावं लागणार होतं. जावयानं कारखान्याचा विषय काढला, तेव्हा चकचक नळांबद्दल भरभरून बोलला. नळांबद्दल तो तासभर बोलू शकत होता. पुतणीनं तब्येत विचारली, त्यानं गुडघ्याबद्दल सांगितलं. दुसरीकडे वहिनी मान खाली घालून वाढत होत्या. बटाटे बरे सुटले, मांसाचे तुकडे थोडे चिकटले, छोटीनं तव्याला ‘खडूस’ म्हटलं आणि सगळे हसले. चकचक सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि त्याचाच त्याला संताप आला.

जेवणं संपत आली. जुन्या सवयीनं सगळ्यांनी भराभर ताटं रिकामी केली. चकचकच्या ताटात अर्धं कणीस होतं.

“काका, तेल तुमचं!” पुतणी एकदम म्हणाली. बापाच्याच आवाजात. मग तिचेच डोळे भरले.

पण कापड उचललं वहिनींनी. तेलाची वाटी जवळ ओढून त्या चुलीपाशी बसल्या. “राहू दे गं. आज मी पुसते. तेव्हा माझ्याकडूनच राहिलं होतं ना, आज तरी मीच करते.” आणि दुखऱ्या मनगटानं त्यांनी उलथनं धरलं.

चकचक उठला. कणीस खाली पडलं.

“वहिनी, ठेवा ते.”

“अहो, बसा तुम्ही, इतके दिवस...”

“ठेवा म्हणतो ना! तुमच्याकडून नाही राहिलं.” त्याचा आवाज इतका चढला की छोटी आईला बिलगली. “माझ्याकडून राहिलं. त्या दिवशी शेवटी मी जेवलो. मला तेव्हापासून माहितीये. लोक तुमचं नाव घेत होते, मला विचारलं त्यांनी. मी ‘हं’ म्हणालो.”

चकचकच्या बायकोनं कपाळाला हात लावला. “म्हणून का ते लांबचं सलून!” ती एवढंच म्हणाली.

शिलाईबाईंनी तोंड उघडलं, वहिनींकडे बघितलं आणि मिटलं. त्यांच्या आयुष्यात हे किती वेळा घडलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

वहिनी उठल्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. हातातल्या कापडाची त्यांनी नीट घडी घातली.

“दोन वर्षं, भाऊजी?” त्या म्हणाल्या. “मी रोज झोपताना आठवायची. पुसला होता की नाही. तुम्ही त्या भिंतीपलीकडेच होता.”

चकचकला ‘माफ करा’ म्हणायचं होतं. पण इतका वेळ दाबून ठेवलेला तो शब्द ऐन वेळी अगदीच पोचट वाटला. त्यानं हात पुढं केला. वहिनींनी कापड त्याच्या हातात ठेवलं, त्याच्याकडे न बघता, आणि लेकीला घेऊन घरात गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या त्याला भाऊजी म्हणाल्या नाहीत. समोर आला तर ‘अहो’ म्हणायच्या, परक्या माणसाला म्हणावं तसं. चकचकनं ते ऐकून घेतलं. आणि दुसऱ्याच दिवशी तो जुन्या सलूनमध्ये गेला, केस कापायचे नसताना, आणि खुर्चीत न बसता, उभ्या उभ्या, बाकावर पेपर वाचणाऱ्या तिघांसमोर त्यानं सलूनवाल्याला सगळं सांगितलं.

ते सगळं असं होतं. वहिनींनी तवा फेकला नव्हता. त्यांनी त्याला हातही लावला नव्हता. त्या रविवारी दादाच्या छातीत दुखत होतं म्हणून त्या त्याला घेऊन आत होत्या. शेवटी जेवत होता चकचक. दादानं खिडकीतून सांगितलं, “तवा पूस रे.” चकचक म्हणाला, “सकाळी पुसतो.” सकाळी सगळे दवाखान्यात होते. त्यानंतर त्यानं तो पुसला नाही.